बिल खाटेचं, काम हातांचं: प्रेअरीवरच्या जुन्या इस्पितळांतल्या शुश्रूषेचं परीक्षण

कॅनडातल्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या गवताळ मैदानांच्या, म्हणजे प्रेअरीच्या, प्रांतांत १८७० नंतरच्या पन्नास वर्षांत जी इस्पितळं उभी राहिली, त्यांच्या पाटीवर नाव असे राणीचं, संताचं नाहीतर गावाचं. बिल यायचं खाटेचं, दिवसाच्या हिशेबाने. श्रेय जायचं डॉक्टरला. रुग्ण खरोखर विकत घेत होता ती मात्र शुश्रूषा. विषमज्वराला (टायफॉइडला) औषध नव्हतं, न्यूमोनियाला नव्हतं, बाळंतज्वराला नव्हतं. सल्फा औषधं १९३०च्या दशकात आली आणि पेनिसिलिन १९४०च्या. तोवर डॉक्टर दिवसातून एकदा येणार, नाडी बघणार, सूचना देऊन पुढच्या गावाला जाणार. उरलेले तेवीस तास जे काही होईल ते नर्सच्या हातून. तेव्हा परीक्षण करायचं तर त्या हातांच्या कामाचंच. आधीच सांगून टाकू: सेवा म्हणून पाचापैकी साडेचार. ती सेवा ज्या पद्धतीने मिळवली जात होती, तिला दोनसुद्धा जड जातात.

रुग्णाला निवड फारशी नव्हती. सगळ्यात जुनं घराणं ग्रे नन्स या कॅथलिक संन्यासिनींचं. मार्गेरित द्यूव्हिल यांनी १७३७ साली मॉन्ट्रियलला सुरू केलेल्या या संघाच्या चार नन्स १८४४च्या वसंतात डोंग्यांतून निघाल्या आणि ५९ दिवसांनी रेड नदीकाठी सेंट बोनिफेसला उतरल्या. शाळा, अनाथ मुलं, घरोघरचे आजारी असं सगळं सांभाळता सांभाळता १८७१ला त्यांनी तिथे चार खाटांचं इस्पितळ काढलं. पुढे कॅल्गरीचं होली क्रॉस १८९१ला, एडमंटन जनरल १८९५ला. सस्कटूनला तर दोन नन्स वर्गणी गोळा करायला आल्या होत्या. विषमज्वराची साथ बघून तिथेच थांबल्या आणि १९०७ला सेंट पॉल्स उभं राहिलं. नन्सच्या इस्पितळाची खरी ताकद सातत्यात होती. एकच सिस्टर एकाच वॉर्डात वर्षानुवर्षं, त्यामुळे कुठली खिडकी वाऱ्याला खडखडते आणि कुठल्या कपाटातली बाटली अर्धी झाली आहे, सगळं तोंडपाठ. पगार नाही, लग्न नाही, बदली फक्त संघाच्या हुकमाने.

दुसरा प्रकार नर्सिंग शाळा जोडलेल्या जनरल हॉस्पिटलचा. विनिपेग जनरल १८७२चं. तिथली शाळा १८८७ला निघाली, पश्चिम कॅनडातली पहिली. तिची पहिली तुकडी १८८९ला बाहेर पडली. तीत मेरी एलन बर्टल्स होत्या, ज्या पुढे मेडिसिन हॅटला गेल्या आणि १८९४ला कॅल्गरी जनरलच्या मेट्रन झाल्या. शाळांचं जाळं असंच पसरलं. एका शाळेतून निघालेली मुलगी रेल्वेने पश्चिमेला जायची आणि तिथे दुसरी शाळा काढायची. मेडिसिन हॅटची शाळा १८९४ची, कॅल्गरी जनरलची १८९५ची. कॅल्गरीचं प्रमाणपत्र सगळ्यात आधी १८९८ला मॅरियन मूडी यांच्या हाती पडलं. याच बाईंनी फावल्या वेळात प्रेअरीवरच्या रानफुलांचे नमुने गोळा केले. बारा तासांच्या पाळीनंतर फावला वेळ त्यांना कुठून मिळाला, हे कोडंच आहे.

तिसरा प्रकार कॉटेज हॉस्पिटल. राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने १८९७ला गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अबरडीन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरियन ऑर्डर ऑफ नर्सेस स्थापन झाली. सुरुवातीचा बेत थोडंफार शिकवलेल्या मदतनीस बायका खेडोपाडी पाठवायचा होता. डॉक्टरमंडळींनी आरडाओरडा केला आणि ऑर्डरने पूर्ण शिकलेल्या नर्सच घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांचा हेतू पोटाचा होता, फायदा मात्र रुग्णाचा झाला. पुढे लेडी मिंटो यांनी उभारलेल्या निधीतून छोट्या गावांना इमारतीसाठी पैसे मिळू लागले. कॉटेज म्हणजे नावाप्रमाणे घरच: मोजक्या खाटा, एक-दोन नर्स, मागे कोळशाची खोली. घरातला मायेचा भाग इथे सर्वांत जास्त मिळे, पण नर्स स्वतः आजारी पडली की सेवा बंद.

यातलं कुठलंही इस्पितळ जोखायचं तर आधी पाणी बघायचं. प्रेअरीवरच्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट आणि जड. साबणाला फेस येत नाही, उलट चोथ्यासारखा थर कापडात बसतो. चार धुण्यांत चादर करडी आणि खरखरीत होते, आणि खरखरीत चादर म्हणजे महिनाभर पडून असलेल्या रुग्णाच्या पाठीला शय्याव्रणाचं आमंत्रण. उपाय दोनच. एक, धुण्याचा सोडा टाकून पाणी आधी मऊ करायचं, वर आलेला मळ निवळू द्यायचा, मगच साबण लावायचा. दुसरा, उन्हाळ्यात छपराखालच्या पिंपातलं पावसाचं पाणी आणि हिवाळ्यात बर्फ. ऐकायला बर्फ सोपा वाटतो. तिथला बर्फ कोरडा, भुसभुशीत. दहा बादल्या वितळवाव्यात तेव्हा जेमतेम एक बादली पाणी हाती लागतं, आणि त्या दहा बादल्या बाहेरून आत आणायच्या, चुलीवरच्या हंड्यात चढवायच्या, वितळेल तसतशी भर घालत राहायचं. वितळायला ठेवताना तळाशी थोडं पाणी हवंच. नुसता कोरडा बर्फ तापल्या भांड्यात टाकला तर तळ करपतो आणि पाण्याला धुरकट वास लागतो.

धुणं वाळवणं ही वेगळीच कला. उणे तीस सेल्सिअसला दोरीवर टाकलेली ओली चादर बघता बघता पत्र्यासारखी ताठ होते. ती तशीच दुमडली तर घडीवर धागे तुटतात, दोन-तीन धुण्यांत तिथे चीर पडते. म्हणून फळकुट उचलावं तशी उभीच आत आणायची, चुलीजवळ टेकवायची, मऊ पडली की मग घडी. गोठलेल्या कापडातलं पाणी वितळल्याशिवायच कोरड्या हवेत उडून जातं, त्यामुळे एवढ्या थंडीतही कपडे वाळतात. फक्त दिवसाच्या जागी दोन दिवस धरायचे. ज्या मेट्रनने चादरींचा हिशेब या दोन दिवसांवर बसवला नाही, तिच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी रुग्ण घोंगडीवर.

आता विषमज्वर. या सेवेची खरी कसोटी इथेच, कारण या आजाराने वसाहतींना पछाडलं होतं. नवी गावं झपाट्याने वाढत होती, शौचकूप आणि विहीर शेजारी-शेजारी. हिवाळाभर सगळं गोठलेलं राही आणि वसंतात वितळून विहिरीत उतरे. विनिपेगसारख्या शहरातही १९०४-०५च्या साथीत सर्वाधिक झळ बसली ती नॉर्थ एंडला, जिथे घरांना गटाराच्या जोडण्या नव्हत्या. शोल लेकहून स्वच्छ पाणी आणणारा कालवा तर १९१९ला सुरू झाला.

आजार तीन-चार आठवड्यांचा. ताप १०२.५ फॅरनहाइटच्या वर गेला की थंड उपचार, दर तीन-चार तासांनी, दिवसरात्र. मोठ्या शहरांत रुग्णाला उचलून थंड पाण्याच्या टबात ठेवत. प्रेअरीवर एवढं पाणी नाही आणि उचलायला माणसं नाहीत, म्हणून स्पंजिंग. अंगाखाली रबरी मॅकिन्टॉश (पाणी न झिरपणारं कापड) आणि त्यावर घोंगडी. पायाशी गरम पाण्याची बाटली, डोक्यावर गार पट्टी. आधी चेहरा, मग एक हात, तीन-चार मिनिटं, खांद्याकडून बोटांकडे लांब, सावकाश फटकारे. अंग कोरडं पुसायचं नाही. पाण्याचे थेंब त्वचेवर राहू द्यायचे, कारण ताप उतरतो तो त्या थेंबांची वाफ होताना. मग दुसरा हात, पाय, शेवटी कुशीवर वळवून पाठ. पोटावर दाब अजिबात द्यायचा नाही. एकूण पंधरा-वीस मिनिटं. अर्ध्या तासाने पुन्हा थर्मामीटर. एक-दोन अंश उतरले तर काम झालं. ओठ निळे पडले किंवा दात वाजायला लागले तर तिथेच थांबायचं, घोंगडी लपेटायची. हे एका रुग्णाचं. वॉर्डात असे सहा असले की सहावा संपेपर्यंत पहिल्याची वेळ येऊन ठेपलेली असे.

पोटावर हात का टाकायचा नाही, याचं उत्तर तिसऱ्या आठवड्यात मिळतं. आतड्याला पडलेल्या व्रणांवरच्या खपल्या तेव्हा सुटू लागतात. रक्तस्राव झाला किंवा आतडं फुटलं तर रुग्ण काही सांगण्याच्या अवस्थेत नसतोच, बडबडत असतो. दिसतं ते ताप आणि नाडीच्या तक्त्यावर: ताप अचानक झपकन खाली, नाडी मात्र वर. नवख्या मुलीला ताप उतरल्याचा आनंद होतो. शिकलेली नर्स त्या दोन रेघा एकमेकींना छेदताना बघते आणि लगेच डॉक्टरला बोलावणं धाडते. रुग्णाला उशी काढून सपाट निजवायचं, पलंगाचा पायथा उंच करायचा, तोंडावाटे काही द्यायचं नाही. उठून बसू द्यायचं नाही, बेडपॅनसाठीसुद्धा. आमच्या मते या इस्पितळांनी विकलेली सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे तक्त्यावरच्या या दोन रेघा वाचणारी नजर.

एक उणीव मात्र स्पष्ट नोंदवायला हवी: खाणं. व्रणांच्या धास्तीने रुग्णाला आठवडेच्या आठवडे दर दोन तासांनी फक्त दूध, चुन्याची निवळी घालून. माणूस तापातून वाचायचा आणि हाडांचा सापळा होऊन घरी जायचा. १९१०च्या आसपास भरपूर उष्मांकाचा मऊ आहार दिलेले रुग्ण जास्त चांगले सावरतात हे दिसून आलं. म्हणजे नर्सने घड्याळ लावून पाजलेलं ते पाव पाव कप दूध तिच्या मेहनतीला जागत होतं, रुग्णाच्या भुकेला नाही. चूक सूचनेची होती, हातांची नव्हे, पण सेवेचे गुण कापताना ती मोजावीच लागते.

जंतुनाशकांच्या बाबतीत या नर्सा फार काटेकोर. कार्बोलिक ॲसिडचं १:२० द्रावण म्हणजे एक औंस ॲसिड आणि वीस औंस पाणी, म्हणजे बरोबर एक इंपीरियल पाइंट. पाणी गरमच हवं आणि बाटली जोरात हलवायला हवी. थंड पाण्यात ॲसिड पूर्ण विरघळत नाही, तेलकट थेंब होऊन तळाशी बसतं आणि शेवटचा ओतलेला घोट कातडी भाजून काढतो. विषमज्वराच्या रुग्णाची विष्ठा या द्रावणात किंवा ब्लीचिंग पावडरीत कालवून तासभर झाकून ठेवायची, मगच टाकायची. इथे रसकापूर (पाऱ्याचा विषारी क्षार) वापरायचा नाही: तो विष्ठेतल्या प्रथिनांना वरून गोठवतो आणि आतले जंतू तसेच जिवंत राहतात. रसकापुराचं १:१००० पाणी हात धुवायला चालतं, पण त्यात धातूची हत्यारं बुडवली तर ती काळी पडून खाल्ली जातात. आणखी एक सापळा: जखमेच्या बोटाला कार्बोलिकची ओली पट्टी रात्रभर बांधून ठेवली तर बोट बधिर होऊन काळं पडतं. दुखणं थांबलं म्हणून सगळे खूश, सकाळी बोट कापायची पाळी.

एवढं करूनही नर्सना विषमज्वर, घटसर्प, क्षय व्हायचाच. एकाच बाईने बेडपॅन धुवायचा आणि तिनेच दूध पाजायचं, अशी कामाची वाटणी असली की कुठलंही द्रावण अपुरं पडतं.

न्यूमोनिया थंडीतला. इथे पोटीस हे मुख्य हत्यार. जवसाच्या पिठाची पोटीस करायची तर उकळत्या पाण्यात पीठ थोडं थोडं सोडत एकाच दिशेने ढवळायचं. पिठावर पाणी ओतलं की गाठी झाल्याच. भांड्याच्या कडा सोडून गोळा स्वच्छ सुटला की फडक्यावर अर्धा इंच जाड पसरायचा, आपल्या हाताच्या मागच्या बाजूला लावून बघायचा, मग छातीवर. नवी तयार झाल्याशिवाय जुनी उचलायची नाही, कारण उघडी पडलेली ओली छाती दोन मिनिटांत गारठते. मोहरीच्या लेपाची गंमत याच्या उलट. एक भाग मोहरीची पूड, चार भाग कणीक, आणि पाणी कोमट. ‘गरम तेवढं चांगलं’ म्हणून उकळतं पाणी घातलं तर मोहरीत झणका तयार करणारं विकर (एन्झाइम) मरून जातं आणि लेप नुसता पिवळा चिखल होतो. दहा-पंधरा मिनिटांत कातडी लाल झाली की काढायचा. शुद्धीत नसलेल्या रुग्णावर तो विसरला गेला तर फोड.

खरं सांगायचं तर या पोटिसांनी फुफ्फुसातला जंतू मरत नव्हता. मिळत होता तो आराम, आणि दर दोन तासांनी कुणीतरी येऊन श्वास मोजून जातं याची खात्री. सातव्या ते नवव्या दिवशी ताप एकाएकी कोसळतो, रुग्ण घामाने निथळतो, आणि त्या काही तासांत हृदय थकून बसण्याचा धोका सगळ्यात जास्त. कोरडे गरम कपडे, गरम बाटल्या, ब्रँडीचे चमचे, आणि खाटेशेजारी बसून राहणारं माणूस. घरी एकट्या पडलेल्या शेतकऱ्याला नेमकं हेच मिळत नव्हतं.

गरम बाटलीबद्दल दोन शब्द. दोन-तृतीयांशच भरायची, हवा दाबून काढायची, बूच लावून बाटली उलटी करून तपासायची, फ्लॅनेलच्या पिशवीत घालायची. भूल दिलेल्या रुग्णाला ती टेकवून ठेवली की भाजतं आणि त्याला कळत नाही. शस्त्रक्रियेहून मोठी जखम बाटलीची, अशी नामुष्की नर्सिंग शाळांत ताकीद म्हणून शिकवली जायची.

शस्त्रक्रियेची तयारी छोट्या इस्पितळांत खिडकीजवळ, दिवसाउजेडी. त्याचं कारण ईथर. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत वाहत जाऊन शेगडीपर्यंत पोचते आणि पेटते. म्हणून ईथर द्यायचं तर शेजारच्या खोलीतली आगही विझवायची, आणि बाहेर उणे पंचवीस असताना आग विझवलेल्या खोलीत उघड्या पोटाचा माणूस. क्लोरोफॉर्म पेटत नाही, पण दिव्याच्या ज्योतीपाशी त्याचं विघटन होऊन घसा जाळणारा विषारी वायू तयार होतो, खोलीतले सगळे खोकू लागतात. शिवाय हृदय अचानक थांबवण्याची त्याची खोड. दुसरा डॉक्टर जवळपास नसला की भूल द्यायचं काम नर्सवर येई. तारेच्या मुखवट्यावर गॉझ, चेहऱ्याला व्हॅसलिन, डोळ्यांवर ओली घडी, थेंब थेंब औषध, आणि नजर श्वासावर, ओठांच्या रंगावर, बाहुलीवर. या कामाचा वेगळा मोबदला नाही, आणि काही बिघडलं तर उत्तर द्यायला तीच.

हत्यारं उकळताना पाण्यात शेकडा एक धुण्याचा सोडा, म्हणजे गंज चढत नाही. कॅल्गरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. तिथे पाणी १०० सेल्सिअसला न पोचता साडेशहाण्णवच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पुस्तकातल्या वेळेवर विसंबून चालत नाही, जास्त वेळ उकळावं लागतं. इंजेक्शनची सुई पोकळ, पुन्हा पुन्हा वापरायची. वापरल्यावर लगेच आत तार घालून ठेवली नाही तर भोक बुजतं. टोक बोथट झालं की सहाणेवर घासून धार. मॉर्फियाची पाव ग्रेनची गोळी चमच्यात उकळून निवलेल्या पाण्यात विरघळवून भरायची.

बाळंतपणाचं लवकर आटपतो, कारण तिथे या सेवेचं गिऱ्हाईकच कमी होतं. बहुतेक बाळंतपणं घरीच, शेजारणीच्या नाहीतर सुईणीच्या हातून. क्री आणि मेटी या मूळनिवासी समाजांतल्या अनुभवी बायका तर इस्पितळांच्या कितीतरी आधीपासून हे काम करत होत्या आणि अनेक गोऱ्या वसाहतवाल्यांची मुलं त्यांच्याच हातांत जन्मली. इस्पितळात गेल्यास फायदा अडलेल्या बाळंतपणात. तोटा असा की शेजारच्या वॉर्डात पू झालेल्या जखमा आणि दोन्हीकडे नर्स एकच.

हिमदंशात मात्र सेवा चक्क चुकीची. गोठलेल्या बोटांना बर्फाने चोळा, असं तेव्हाची पुस्तकं सांगत. गोठलेल्या पेशींत बर्फाचे स्फटिक असतात. चोळल्याने त्या आणखी फाटतात. कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं हा आजचा नियम. थंडीच्या मुलखातच थंडीचा इलाज उलटा, याला काय म्हणावं!

आता साडेचार आणि दोन यांतली तफावत. शाळा जोडलेल्या इस्पितळात वॉर्डातलं जवळजवळ सगळं काम विद्यार्थिनी करत. पूर्ण शिकलेल्या म्हणजे मेट्रन आणि फार तर एक-दोघी. अभ्यासक्रम आधी दोन वर्षांचा, पुढे तीन. पहिले काही महिने उमेदवारी: झाडणं, पुसणं, पितळ घासणं. मग बारा तासांची पाळी, सकाळी सात ते संध्याकाळी सात, आठवड्यातून अर्धा दिवस सुटी. रात्रपाळी लागली की सलग कित्येक आठवडे आणि अख्ख्या मजल्याला एकटी. व्याख्यानं पाळी संपल्यावर, डॉक्टरला सवड असेल तेव्हा. फुटलेला थर्मामीटर तिच्या भत्त्यातून वळता. आजारी पडली तर तेवढे दिवस शेवटी भरून द्यायचे, मग तो आजार वॉर्डातूनच लागलेला का असेना. आणि प्रमाणपत्र हाती पडलं की इस्पितळात तिला जागा नाही. श्रीमंत घरांत खासगी शुश्रूषेला जायचं, कारण इस्पितळाला नवी तुकडी जवळपास फुकट मिळत होती. शिक्षण म्हणायचं आणि मजुरी घ्यायची, असा हा सरळ व्यवहार. छोट्या इस्पितळांनी शाळा काढल्या त्यामागचं कारण बहुतेकदा हेच होतं, आणि तिथे शिकलेल्या मुलीला लहान मुलांचे किंवा साथीचे आजार पुरेसे बघायलाही मिळत नसत. नर्सिंग शिक्षणावरच्या जॉर्ज वेअर यांच्या १९३२च्या देशव्यापी अहवालाने अशा छोट्या शाळा बंद करा असं स्वच्छ लिहिलं. त्याआधी नोंदणीचे कायदे आले होते: मॅनिटोबात १९१३, अल्बर्टात १९१६, सस्कॅचेवानमध्ये १९१७. नोंदणीने नर्सच्या नावापुढे अक्षरं लागली. पाळीचे तास कमी झाले नाहीत.

ही सेवा सगळ्यांना सारखी मिळत होती असंही नाही. मूळनिवासी रुग्णांसाठी वेगळी खोली, वेगळा वॉर्ड किंवा वेगळंच इस्पितळ. आणि मूळनिवासी मुलींना नर्सिंग शाळांची दारं दीर्घकाळ बंद. जीन कथँड गुडविल यांना सस्कॅचेवानमधल्या पहिल्या मूळनिवासी पदवीधर नर्स म्हणून ओळखतात, आणि त्या प्रिन्स अल्बर्टच्या होली फॅमिली हॉस्पिटलमधून बाहेर पडल्या तेव्हा १९५४ साल उजाडलं होतं. युक्रेनियन वस्त्यांत अडचण भाषेची. तिथे ‘कुठे दुखतं’ विचारायला बोटं आणि चित्रं, आणि विषमज्वराच्या रुग्णाला ‘भाकरी द्यायची नाही’ हे आईला पटवणं तर दुरापास्तच. उशीखाली लपवलेला पाव शोधणं हा तिथल्या शुश्रूषेचा रोजचा भाग.

खर्चाच्या बाजूने सस्कॅचेवानने बाजी मारली. तिथल्या एका ग्रामीण म्युनिसिपालिटीचा व्याप साधारण १८ बाय १८ मैल, म्हणजे ३२४ चौरस मैल. एकटीने इस्पितळ काढण्याइतका करही जमत नाही आणि माणसंही नाहीत. १९१६च्या युनियन हॉस्पिटल कायद्याने शेजारच्या म्युनिसिपालिट्या, गावं आणि खेडी एकत्र येऊन करातून इस्पितळ चालवू लागली. देणगीच्या पेटीवर अवलंबून राहणं कमी झालं, आणि पगारी नर्स ठेवणं निदान हिशेबात तरी बसू लागलं. १ जानेवारी १९४७ला याच प्रांताने सर्वांसाठी इस्पितळ विमा सुरू केला: माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३०.

त्याच्याही पलीकडे, रेल्वेच्या टोकाला, निवड करायची तर रेड क्रॉसची आउटपोस्ट, म्हणजे दुर्गम भागातलं छोटं इस्पितळ. पहिली १९२०ला सस्कॅचेवानच्या उत्तरेला पॅडॉकवुडला निघाली, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना जिथे जमिनी दिल्या होत्या तिथे. डॉक्टर मैलोगणती दूर, खाटा थोड्या, नर्स एक. पैसे नसले तर सरपण, बटाटे, कोंबडी चालत. नर्स पूर्ण शिकलेली आणि पगारी, हातातलं काम स्वतःच्या निर्णयाने करणारी. विद्यार्थिनींच्या फुकट रात्रपाळीवर तिथे काही उभं नव्हतं. जनरल हॉस्पिटलसारखी क्ष-किरण यंत्रं नाहीत, ऑपरेशनचं टेबल म्हणजे बहुधा टेबलच. पण वेणा सुरू झाल्यावर वीस मैल घसरगाडीतून जायचं की चार मैल, हा प्रश्न असेल तर आउटपोस्टच गाठावी, आणि बाळंतपणाच्या तारखेआधी आठवडाभर येऊन राहावं. वसंतात रस्ता चिखलाचा झाला की चार मैलही पार होत नाहीत. जाताना सरपण कोरडं न्यावं. ओल्या लाकडावर हंडा उकळायला दुप्पट वेळ लागतो.